कै. सौ. माणिक दिघे यांच्या स्मरणार्थ

मी चाकांची खुर्ची आहे, आणि खुर्ची असूनही गप्प बसणं मला जमत नाही. माझं पुढचं धाकटं चाक कुरकुरतं. ते ऐकलं की लोक तेलाची बाटली शोधायला लागतात. घाला बापडे तेल, माझी ना नाही. पण माझ्या पोटात जे साचलंय ते तेलाने थांबायचं नाही. ते आज मी तुम्हाला सांगून टाकणार आहे.

माझा जन्म एकावन्न सालचा, अंधेरीच्या धाकू सुताराच्या हातचा. धाकू मालवणकडचा. पाट, देव्हारे, दारं-खिडक्या करणारा माणूस. चाकांची खुर्ची त्याने जन्मात पाहिली नव्हती, कारण असल्या विलायती खुर्च्या तेव्हा मोठ्या इस्पितळांतच असायच्या. एके दिवशी शरच्चंद्र दिघे नावाचे गृहस्थ त्याच्याकडे आले. विमा कंपनीत कारकून, पार्ल्याला राहायला. त्यांनी स्वतः काढलेलं एक चित्र धाकूपुढे धरलं. चित्र इतकं दिव्य होतं की धाकूला तो टांगाच वाटला.

"घोडो खंय लावूचो?" त्याने विचारलं.

"घोडा मीच," दिघे म्हणाले. "माझ्या बायकोच्या पायांतलं बळ गेलंय. तिला बसवून फिरवायचं आहे."

धाकूने मग थट्टा केली नाही. चांगलं सागवान काढलं. जुन्या सायकलीची दोन चाकं मागे लावली, एका मोडक्या पांगुळगाड्याचं चाक पुढे. बैठक वेताची विणून घेतली. हात टेकायला रुंद फळ्या, आणि पाठ चांगली उंच, कारण बाईंना मान टेकवावी लागते असं दिघ्यांनी तीन-तीनदा सांगितलं होतं. मी तयार झाल्यावर तो मला अंधेरीपासून पार्ल्यापर्यंत ढकलत घेऊन आला. वाटेत लोक हसत होते, आणि धाकू त्यांना मालवणीत शिव्या देत होता. माझी पहिली सफर ती अशी झाली.

माणिकबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. मणक्यात गाठ झाली होती. शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली, पण पाय काही परत आले नाहीत. मूलबाळ नव्हतं. घरात ही दोघंच. बाई खाटेवर बसून माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी चक्क तोंड फिरवलं.

"मी नाही बसायची त्या गाड्यात. लोक म्हणतील, दिघ्यांनी बायकोची वरात काढली."

"म्हणू देत."

"तुमचं काय जातंय 'म्हणू देत' म्हणायला? वरातीत बसायचंय मला."

चार दिवस मी भिंतीला लागून उभी होते. बाई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. मला खोटं कशाला बोलायचंय, मला राग आला होता. पाचव्या दिवशी रविवार होता. दिघे बाजारात जाऊन मासे घेऊन आले आणि पिशवी मोठ्या ऐटीत बायकोपुढे धरली. बाईंनी आत डोकावलं मात्र!

"हे पापलेट? अहो, ह्याने प्राण सोडून आठवडा झालाय! डोळे बघितलेत का त्याचे?"

"मी काय माशाच्या डोळ्यांत बघत बसू?"

"मग कुठे बघता? चार महिने हेच खातोय आपण म्हणायचं. शी! काढा ती गाडी. मीच येते."

अशी माझी वरात निघाली. दिघ्यांना ढकलायची अजिबात सवय नव्हती. गल्लीच्या तोंडाशीच त्यांनी मला खड्ड्यात घातलं.

"अहो, खड्डा!"

"दिसतोय गं मला."

"दिसतोय तर घालता कशाला त्यात?"

बाजारात पोचल्यावर कोळणी ओरडायलाच लागल्या. "बाय आली गो, बाय आली!" बाईंनी एकेक मासा उलटापालटा करून पाहिला, घासाघीस केली, भांडल्या, हसल्या. परतताना त्यांच्या मांडीवर सुरमई होती आणि माझ्या बैठकीवर माशाचं पाणी ठिबकत होतं. मला काही घाण-बीण वाटली नाही. मी ज्यासाठी झाले होते ते मला त्या दिवशी कळलं.

चौदा महिने आम्ही तिघं फिरलो. बाजार, ग्रंथालय, ओळखीच्यांचे गणपती, एकदा तर पार जुहूच्या वाळूपर्यंत. तिथे मी चाकं बुडेपर्यंत रुतले, आणि दिघे मला ओढता ओढता मटकन खाली बसले. बाई पोट धरून हसत होत्या. दिघे त्यांना नावाने कधी हाक मारत नसत. त्या घरात ती रीतच नव्हती. "अगं," "ए," "ऐकलंस का," एवढ्यावर त्यांचा सगळा संसार चालला होता. आणि बाई "अहो" म्हणायच्या. त्या "अहो"चे किती प्रकार! रागाचा वेगळा, भुकेचा वेगळा. दुखत असलं की जो यायचा, तो तर दिघे दुसऱ्या खोलीतूनही ओळखायचे.

मग ते दुखण्याचं "अहो" वाढत गेलं. गाठ परत आली होती. एका संध्याकाळी अंगणात आंब्याखाली मला उभी करून दिघे पायरीवर बसले होते. बाई एकदम म्हणाल्या, "मी गेल्यावर हिचं काय करणार?"

"असं अभद्र बोलू नये गं."

"अभद्र काय त्यात? विचारतेय ते सांगा. तुम्ही हिला घरात ठेवाल आणि रोज हिच्यापुढे बसून रडाल. मी ओळखून आहे तुम्हाला. तसं करायचं नाही. हिला कुणाला तरी द्या. पाय नसलेलं माणूस काय बघतं ठाऊक आहे? आढं बघतं. मी चार महिने बघितलंय. सगळ्या वाशांची नावं ठेवली होती मी. कुणाला तरी आढ्याखालून बाहेर काढू दे हिला."

बाईंनी दिघ्यांच्या डोक्यावर हात ठेवला. गल्लीतून कुणी येत-जात असताना, उघड्यावर! त्या काळात असं कुणी करत नसे.

बाई गेल्या. किती सहज सांगून होते नाही ही दोन शब्दांची गोष्ट? त्या घरात ती महिनोन्‌महिने घडत होती. शेवटचा महिना बाई माझ्यात बसल्याच नाहीत. आणि पुढे बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. दिघ्यांनी मला दिलं नाही. कचेरीतून यायचे, माझ्यापुढे पायरीवर बसायचे आणि रडायचे. मोठा माणूस, डोक्यावरचे केस पिकलेला, उपरण्यात तोंड खुपसून रडायचा. मी काय करणार? लाकडाला हात उचलता येत नाही. मी नुसती उभी असायचे.

वर्षश्राद्ध आलं तेव्हा त्यांना बायकोचा शब्द आठवला, किंवा तो मोडतोय याची लाज वाटली असेल. पार्ल्यात रुग्णसाहाय्य मंडळ होतं. एक भाड्याची खोली, त्यात कुबड्या, शेकायच्या पिशव्या, बेडपॅन असलं आजाऱ्यांना लागणारं सामान. गरजूंनी फुकट न्यायचं, काम झालं की धुऊन परत आणून द्यायचं. खोली सांभाळायचे अनंतराव नावाचे पेन्शनर. त्यांना दिघे म्हणाले, "खुर्ची देतो. फक्त एक पाटी लावायची आहे."

पाटी पितळेची होती. अक्षरं दिघ्यांनी चारदा लिहून पाहिली होती. 'कै. सौ. माणिक शरच्चंद्र दिघे यांच्या स्मरणार्थ.' नवऱ्याआधी गेली म्हणून 'कै.'च्या पुढे 'सौ.' आलंच पाहिजे, असं सगळ्या जाणत्यांनी सांगितलं होतं. पाटी माझ्या पाठीवर चार स्क्रूंनी बसवली, बरोबर तिथे, जिथे बाई मान टेकवायच्या. ज्या बाईचं नाव नवऱ्याने वीस-बावीस वर्षांच्या संसारात चारचौघांत उच्चारलं नव्हतं, ते आता पितळेत कोरून सगळ्या पार्ल्यापुढे आलं होतं. मूल नव्हतं. नाव सांगणारं मागे दुसरं कुणी नव्हतं. म्हणून मला त्या पाटीचा केवढा अभिमान वाटला, काय सांगू!

मग अर्पणसोहळा झाला. शिकली-सवरली माणसं, त्यांना सोहळ्याशिवाय दान पचत नाही. माझ्या बैठकीवर बाईंची तसबीर ठेवली. तसबिरीला मोगऱ्याचा हार घातला, उदबत्ती लावली. अध्यक्ष उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "माणिकताई गेल्या असं मी म्हणणारच नाही. त्या इथेच, या खुर्चीत बसल्या आहेत. आणि पुढेही बसलेल्या राहतील."

टाळ्या पडल्या. बायकांनी डोळे पुसले. दिघे कधी नव्हे ते जरा हसले. मेली काय दुर्बुद्धी सुचली त्या अध्यक्षाला! पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही.

लोकांनी भाषण खरं मानलं ना! पहिला माणूस आला तो एका निवृत्त मास्तरांचा मुलगा. वडिलांना अर्धांगवायू झालेला. मला बघून खूश झाला, मागे गेला, पाटी वाचली. "बघतो, घरी विचारून सांगतो," म्हणाला. तो परत आलाच नाही. मग एक सूनबाई आल्या. त्या सोहळ्याला हजर होत्या. अनंतरावांना हळूच म्हणाल्या, "दुसरी नाही का हो? म्हणजे, साधी? सासूबाई म्हणतात, त्या बाईच्या मांडीवर बसल्यासारखं वाटेल." एकाने मला दारापर्यंत नेलं, तिथे त्याच्या बायकोने हात धरला आणि मला परत आणून ठेवलं. दुखणेकऱ्याच्या पाठीला 'कैलासवासी' चिकटवून कोण फिरवील? वाईट कुणीच नव्हतं. सगळे आपापल्या माणसासाठी भ्यायले होते.

कुबड्या जायच्या, यायच्या. शेकायच्या पिशव्यांना तर उसंत नव्हती. बेडपॅनचीसुद्धा माझ्यापेक्षा जास्त इज्जत! मी आपली कोपऱ्यात.

दिघे दर रविवारी यायचे, हातात तेलाची बाटली घेऊन.

"काय अनंतराव, कुणी नेली होती का?"

"होती ना, होती. कालच परत आली," अनंतराव बोलायचे. भला माणूस. खोटं बोलताना त्यांचे कान लाल व्हायचे.

दिघे मग खूश होऊन चाकांना तेल घालायचे. पाटी धोतराच्या सोग्याने पुसायचे. "कुठवर फिरली?" असंही विचारायचे. अनंतराव बिचारे कधी घोडबंदर म्हणायचे, कधी मुलुंड. असे सात-आठ महिने गेले असतील. एका रविवारी दिघे खाली वाकले आणि तसेच थांबले. माझ्या चाकाच्या तारांत कोळ्याचं जाळं होतं.

"अनंतराव, कालच आली म्हणालात ना?"

"हो."

"मग एका रात्रीत कोळ्याने एवढा संसार मांडला?"

अनंतरावांनी चष्मा काढला, पुसला, आणि सगळं सांगून टाकलं. दिघ्यांचा चेहरा बघवेना. ते ओरडले. माझ्या देखत ते पहिल्यांदाच ओरडले. "लाकडाला मरण चिकटतं का हो? काय अडाणी माणसं आहेत ही! पार्ल्यात राहतात, व्याख्यानं ऐकतात, आणि ही अक्कल!"

"पाटी जरा खाली, बैठकीच्या आत लावली तर?"

"का? तिने काय चोरी केलीय?"

ते तणतणत निघून गेले. त्या दिवशी तेल घालायचं राहिलं.

पण पुढच्या रविवारी ते आले, आणि त्याच वेळी शेवंती आली. अंधेरीच्या एका चाळीत राहणारी, कोकणातली. चार घरची धुणीभांडी करायची. नवरा सहदेव गिरणीत होता. पावसाआधी कौलं शाकारायला चढला आणि खाली पडला. कंबरेखाली सगळं गेलं. तिला कुणीतरी मंडळाचा पत्ता दिला होता. ती एवढी खूश झाली मला बघून, की स्वतःच बसून पाहिलं, हाताच्या फळ्या थोपटल्या, उठून मला खोलीभर गोल फिरवलं.

"माका हीच व्हयी. आठ म्हयने घोव माझो एका जाग्यार पडून आसा. भायर म्हणान बघूक नाय. रस्तो दाखवतंय त्याका." मग तिचा हात पाटीला लागला. "ह्यां काय लिवलां हा?"

तिला वाचता येत नव्हतं! अनंतरावांनी दिघ्यांकडे बघितलं. मी श्वास रोखून धरला, म्हणजे मला असता तर धरला असता. सांगा हो, कंपनीचं नाव आहे म्हणून सांगा. कारखान्याचा पत्ता आहे म्हणा. काय बिघडतं?

दिघे सरळ उभे राहिले. "माझ्या बायकोचं नाव आहे. ती यात बसायची. गेली. तिच्या आठवणीसाठी दिली आहे."

शेवंतीने हात असा काढून घेतला, जसा तव्याला लागला असावा. पदर डोक्यावरून ओढून घेतला. हात जोडले.

"राग मानू नकात, साहेबानू. तुमच्या बायलेक मी बोल लावणंय नाय. पण माझो घोव जितो आसा. माका नको." ती फाटकापर्यंत गेली. तिथून परत आली. "पाटी काढलास, तर आत्ताच घेऊन जातंय."

"पाटी निघणार नाही," दिघे म्हणाले.

ती गेली. दिघे बाकावर बसून राहिले. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं. कुणावर ओरडायचं तेच कळेना. शेवंती चुकली म्हणू? तिचं माणूस आढ्याखाली पडलं होतं. दिघे चुकले म्हणू? त्यांच्याजवळ ती एक पाटीच उरली होती.

बुधवारी भर दुपारी दिघे आले. कचेरीतून रजा काढून आले असतील. हातात स्क्रूड्रायव्हर होता. अनंतराव खुर्चीतून अर्धवट उठले.

"मी काल त्यांच्याकडे गेलो होतो," दिघे म्हणाले. "सहदेवकडे. म्हटलं, बाई अडाणी आहे, पुरुषाला समजावून सांगू. लहानशी खोली. तो उताणा पडलेला. मी म्हटलं, बाबा, तू तरी असलं काही मानत नाहीस ना? म्हणाला, साहेब, मी नाही मानत. मला आज आणलीत तर आज बसेन. पण मी बसल्यावर ती दर घडीला माझा श्वास बघत बसेल. माझं सगळं अंग पुसते ती रोज. तिला धसका देऊन मी हवा खायला जाऊ?"

"बरोबर बोलला," अनंतराव पुटपुटले.

"मी तिथून उठायला लागलो. वर बघितलं. अनंतराव, चार वासे आहेत त्या खोलीला. चारच. माझ्या घरात निदान अकरा होते."

ते माझ्यामागे गुडघ्यांवर बसले. पहिला स्क्रू चटकन निघाला. दुसरा गंजला होता. अनंतराव जवळ येऊन म्हणाले, "अहो, पाटी वाया कशाला? इथे भिंतीवर लावू की. येणारा-जाणारा वाचेल."

"भिंत कुणाला बाजारात नेते हो?" दिघे म्हणाले. "आणि मला खरं सांगू? तिने पाटी कुठे मागितली होती? तिने म्हटलं, खुर्ची द्या. नाव मला हवं होतं. मला वाटलं, कुणीतरी वाचेल, विचारेल, ही माणिक कोण होती, आणि मी सांगेन. एवढंच. मला तिच्याबद्दल बोलायला कुणी नाही हो घरात."

अनंतरावांनी तोंड दुसरीकडे केलं. तिसरा स्क्रू निघाला. चौथ्याला दिघ्यांनी हातच लावला नाही बराच वेळ. एका स्क्रूवर पाटी तिरपी लोंबत होती. मग ते अगदी हळू, माझ्या पाठीला कपाळ टेकवून बोलले, "माणिक."

आयुष्यात पहिल्यांदा. बाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या! लाजल्या असत्या, रागावल्या असत्या, सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या असत्या.

"माणिक," ते परत म्हणाले. "काढतोय हं. रागावू नकोस गं." आणि शेवटचा स्क्रू काढला. पाटी रुमालात गुंडाळून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. धाकू सुतार दुसऱ्याच दिवशी आला, माझ्या पाठीची चार भोकं बुजवून वरून पॉलिश मारून गेला. त्याने काय, का, काही विचारलं नाही. माझी पाठ पुन्हा कोरी झाली. मला ती नको होती कोरी.

सहदेवला मी दारात आणलं, मग चाळीच्या अंगणात, मग रस्त्यावर. पहिल्या दिवशी तो नाक्यावर दीड तास नुसता गाड्या बघत बसला आणि शेवंती त्याच्या तोंडाकडे बघत बसली. चाळीतली पोरं मला 'सहदेवाची गाडी' म्हणायला लागली. एकदा दिघे तिकडून चालले होते. पोरं ओरडली, "काका, बाजूला व्हा, सहदेवाची गाडी येतेय!" सहदेवला ओशाळल्यासारखं झालं. तो म्हणाला, "साहेब, पोरं आहेत, त्यांना ठाऊक नाही."

"बरोबरच आहे त्यांचं," दिघे म्हणाले. "तुझीच आहे." आणि चालायला लागले. पुढच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत मी त्यांची पाठ बघत होते.

त्याला आता पाच वर्षं झाली. सहदेव कुबड्यांवर उभा राहायला लागला तसं त्याने मला परत केलं. मग घाटकोपरची एक मुलगी, मग मुलुंडचे एक कीर्तनकार, वांद्र्याची एक ख्रिश्चन नर्स. किती जण! काही उठून चालले, काही माझ्यातच गेले. माझी मागची चाकं दोनदा बदलली. वेत नवा विणला. अनंतराव थकले, पण अजून खोली उघडतात.

दिघे अजून दर रविवारी येतात. हे मला अनंतरावांच्या बोलण्यातून कळतं, कारण मी तिथे नसतेच. दारातून कोपऱ्याकडे बघतात. कोपरा रिकामा दिसला की विचारतात, "बाहेर आहे ना?" अनंतराव म्हणतात, "बाहेर आहे." आता त्यांचे कान लाल होत नाहीत. दिघे मान हलवतात आणि घरी जातात. एवढ्याचसाठी ते येतात. दोन-दोन वर्षं आमची गाठ पडत नाही. मला त्यांना बघावंसं वाटतं. पण मी कोपऱ्यात दिसले तर त्यांचा रविवार वाया जाईल, म्हणून ते येऊच नयेत असंही वाटतं. आता तुम्हीच सांगा, लाकडाच्या जिवाने यात काय करावं?

गेल्या रविवारी मात्र गाठ पडली. कुंदाबाई नावाच्या एक आजी, खुब्याचं हाड मोडलेल्या. त्यांचा मुलगा विद्याधर मला न्यायला आला होता आणि आजी हट्टाने बरोबर आल्या होत्या, टांग्यातून. मुलाने त्यांना तिथेच माझ्यात बसवलं. आजी ऐसपैस टेकल्या, मान मागे टाकली, बरोबर त्याच जागी. "अगोबाई, किती छान केलीय! कुणाची रे ही?" "मंडळाची," मुलगा म्हणाला. आम्ही बाहेर निघालो तर फाटकात दिघे.

केस सगळे पांढरे झालेत. वाळलेत. मला बघून ते एकदम थांबले.

"बाजूला व्हा हो जरा," आजी म्हणाल्या, "मला ही चालवता येत नाही अजून."

दिघे बाजूला झाले. फाटक पुरतं उघडून धरून उभे राहिले. आजींना बोलायची हौस. त्यांनी विचारलं, "तुम्हीपण काही न्यायला आलात वाटतं? घरी कोण आजारी आहे?"

"कुणी नाही," दिघे म्हणाले. "आता कुणी नाही."

"देवाची कृपा!" आजी म्हणाल्या. "सुखी आहात."

"हो," दिघे म्हणाले.

त्यांनी मला हात लावला नाही. नुसते बघत होते, माझ्या पाठीकडे. मुलगा मला ढकलत होता आणि माझं पुढचं चाक कुरकुरत होतं. मला तोंड असतं तर मी त्या आजींना सगळं सांगितलं असतं, वाशांपासून सुरमईपर्यंत. तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं. तिचं नाव माणिक होतं. दिघे भेटले तर त्यांना विचारा तिच्याबद्दल. ते पार्ल्यातच राहतात, आणि त्यांना घाई नसते.